शेजाऱ्याच्या मुळावर: पेंटब्रश नावाचे रानफूल

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत राहणाऱ्या माणसाला रानफुलांचे फारसे वेड नसले, तरी पेंटब्रश हे एक फूल त्याला नावानिशी ठाऊक असते. युटा, नेव्हाडा, वायोमिंग, कोलोरॅडो या राज्यांत एप्रिल महिन्यात तांबड्या खडकांच्या वाळवंटी प्रदेशात ते प्रथम दिसू लागते आणि बर्फ वितळत वर सरकेल तसतशा त्याच्या निरनिराळ्या जाती अधिकाधिक उंचीवर फुलत जाऊन ऑगस्टपर्यंत वृक्षरेषेच्या वरच्या गवताळ उतारांवर पोहोचतात. कुंचला रंगात बुडवून काढावा तसा त्याचा शेंडा दिसतो, म्हणून हे नाव पडले. पूर्वी त्यामागे ‘इंडियन’ हा शब्द हमखास लावला जाई. त्याचा रोख अर्थातच तिथल्या मूळ रहिवाशांकडे होता, आपल्याकडे नव्हे. हल्ली बरेच जण नुसते पेंटब्रश म्हणतात.

मी सॉल्ट लेक सिटीत राहते आणि उन्हाळ्यात डोंगरात जाणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे या फुलाची छायाचित्रे काढणारी माणसे मी पुष्कळ पाहते. ती सगळी रंगाशी थांबतात, आणि तो रंग पाहता त्यांना दोष देता येणार नाही. परंतु या वनस्पतीचे जे खरे वैशिष्ट्य आहे ते जमिनीखाली आहे, आणि वर उभे राहून त्याचा अंदाज घ्यायचा असेल तर पेंटब्रशपेक्षा त्याच्या आजूबाजूला कोण उगवले आहे याकडे आधी बघावे लागते. ते काय खाते, किती पाणी पिते, त्याच्या अंगात विष आहे की नाही, त्याला किती बी धरेल, हे सारे त्या शेजाऱ्यावर अवलंबून असते.

शास्त्रीय दृष्ट्या पेंटब्रश म्हणजे कॅस्टिलेया ही प्रजाती. तिच्यात सुमारे दोनशे जाती मोडतात; बहुतेक उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या, काही थेट अँडीज पर्वतापर्यंत गेलेल्या आणि अगदी थोड्या सैबेरियाच्या बाजूच्या. दक्षिण अमेरिकेत आयुष्य घालवलेले स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ होसे सेलेस्तिनो मुतिस यांनी अठराव्या शतकात कादिझ येथील दोमिंगो कास्तियेहो या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ हे नाव योजले.

आधी वरचा भाग पाहू. सॉल्ट लेक सिटीच्या पूर्वेला, अल्टा या गावाच्या वर, नऊ हजार फुटांहून अधिक उंचीवर अल्बियन बेसिन नावाची वाटीसारखी दरी आहे. जुलैच्या अखेरीस तिथे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पेंटब्रश, निळे ल्युपिन आणि जांभळट जिरॅनियम यांची दाटी होते. फुले खुडायची नाहीत हा तिथला नियम आहे, पण गुडघे टेकून भिंगातून पाहायला कोणाची हरकत नसते. तसे पाहिले म्हणजे लक्षात येते की लाल दिसणारे जवळजवळ सर्व काही पाने आहेत. दांडीवरून वर जाताना खालची पाने साधी हिरवी असतात. मग एक पान असे येते की त्याचे बूड हिरवे आणि टोके मात्र लाल. त्याच्या वरची पाने तीन बोटांत विभागलेली आणि निम्म्याहून अधिक लाल. आणि शेंड्याशी हिरवा रंग संपूनच जातो. ही सहपत्रे होत. बोगनवेलीत ज्यांना आपण फुले समजतो तीही अशीच रंगीत सहपत्रे असतात. प्रत्येक लाल सहपत्राच्या बगलेत एक नळीसारखा निदलपुंज असतो, त्याचीही कड लाल, आणि त्या नळीतून बाहेर डोकावते ते खरे फूल: काडीएवढे बारीक, पोपटी, चोचीसारखे निमुळते, आणि चोचीच्या टोकाशी हिरवट ठिपक्यासारखा कुक्षीचा गोळा. संपूर्ण झाडावर बारीक लव असते आणि सकाळी तिच्यावर धूळ व परागकण चिकटलेले दिसतात.

अशा अरुंद नळीच्या तळाशी असलेला मधुरस मिळवणे लांब चोचीच्या पक्ष्याला सोपे जाते. लाल जातींचे परागीभवन मुख्यत्वे हमिंगबर्ड करतात. आपल्याकडे शिंजीर जे काम करतो ते काम इथे त्यांच्याकडे आहे. अल्बियन बेसिनमध्ये ब्रॉड-टेल्ड जातीचा नर जवळून गेला की त्याच्या पंखांचा शिट्टीसारखा आवाज आधी येतो आणि पक्षी नंतर दिसतो, किंवा दिसतही नाही. गंधकी पिवळ्या जातीकडे मात्र भुंगेच अधिक जातात.

आता जमिनीखाली. पेंटब्रशला हिरवी पाने आहेत, तो प्रकाशसंश्लेषण करतो, आणि कुंडीत एकटा लावला तरी तो उगवतो व काही काळ जगतो. मात्र असा एकटा वाढलेला रोप किरकोळ राहतो. निसर्गात त्याची मुळे पसरत जाऊन शेजारच्या झाडाच्या मुळाला भिडली की त्या स्पर्शाच्या जागी एक बारीक गाठ तयार होते. ही गाठ यजमानाच्या मुळाची साल भेदून आत शिरते आणि त्याच्या जलवाहिन्यांशी स्वतःच्या जलवाहिन्या जोडून घेते. मग यजमानाने मातीतून ओढलेले पाणी, त्यात विरघळलेले नत्र आणि इतर क्षार, आणि त्या रसाबरोबर काही प्रमाणात सेंद्रिय द्रव्येही पेंटब्रशकडे वाहू लागतात. अशा वनस्पतीला अर्धपरोपजीवी म्हणतात: स्वयंपाक घरचा, पाणी आणि मीठ शेजारचे.

पाणी आपल्याकडे वळावे यासाठी परोपजीवीला यजमानापेक्षा अधिक जोराने ओढ लावावी लागते. ही ओढ पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने निर्माण होते, म्हणून अर्धपरोपजीवी वनस्पती पाण्याच्या बाबतीत उधळ्या असतात. शेजारची झाडे दुपारच्या उन्हात पर्णरंध्रे आवळून बसली तरी अर्धपरोपजीवींची उघडी राहतात, आणि पुष्कळदा रात्रीही ती पुरती मिटत नाहीत. वाळवंटात असे वागणे एरवी आत्मघातकी ठरले असते. पेंटब्रशला ते परवडते, कारण ते पाणी मिळवण्यासाठी खोल मुळे घालण्याचा खर्च दुसऱ्याने केलेला असतो.

हा दुसरा कोण, हे मोठ्या प्रदेशात एकाच झाडावर येऊन ठेपते: सेजब्रश. युटा आणि नेव्हाडातील शेकडो मैलांची पठारे या कंबरभर उंचीच्या, राखाडी पानांच्या झुडपाने व्यापली आहेत. ते आर्टेमिसिया प्रजातीतले, म्हणजे चैत्रात जोतिबाला वाहतात त्या आपल्या दवण्याचे नातलग. पाऊस पडून गेल्यावर येणारा त्याचा उग्र वास नाकात शिरला की हे नाते कोणी सांगावे लागत नाही. सेजब्रशची काही मुळे वरच्या थरात पसरतात आणि काही खोल जातात. खोलातले पाणी रात्री वर आणून ते कोरड्या वरच्या मातीत झिरपू देते, ही गोष्ट युटातल्याच संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिली. एप्रिलमध्ये मोॲब गावाच्या परिसरात चालताना शेंदरी पेंटब्रश दिसला तर तो बहुतेक वेळा सेजब्रशच्या किंवा तत्सम झुडपाच्या पायाशी, कधी तर त्याच्या फांद्यांमधूनच वर आलेला असतो. नवख्या माणसाला वाटते की हे लाल फूल त्या राखाडी झुडपाचेच आहे. सेजब्रशवर जगणाऱ्या एका जातीच्या पानांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून अभ्यास झाला, तेव्हा त्या पानांतल्या कार्बनचा बराच मोठा वाटा यजमानाकडून आल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे घरच्या स्वयंपाकाबद्दल वर जे म्हटले तेही पुरते खरे नाही. तयार शिजलेले अन्नही शेजारून येते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे ऐकून ज्वारीतला टारफुला आठवावा, आणि ते योग्यच आहे. टारफुला म्हणजे स्ट्रायगा, आणि पेंटब्रश व स्ट्रायगा दोघेही आज ओरोबँकेसी या एकाच कुलात गणले जातात. पूर्वीची पुस्तके त्यांना स्क्रोफ्युलॅरिएसी कुलात घालत; गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डीएनएच्या आधारे मांडणी बदलली आणि मुळांवर जगणाऱ्या बहुतेक जवळच्या प्रजाती एका छताखाली आल्या. तरी दोघांच्या स्वभावात फरक आहे. टारफुल्याचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि ज्वारीसारख्या यजमानाच्या मुळातून पाझरणाऱ्या रसायनाचा सुगावा लागल्याशिवाय रुजत नाही. रुजल्यावर लगेच मूळ सापडले नाही तर ते मरते. पेंटब्रशच्या बियाला असा सांगावा लागत नाही. त्याला हवी असते ती काही आठवड्यांची ओलसर थंडी, म्हणजेच हिवाळा. तो सरला की ते रुजते आणि यजमानाचा शोध मग सावकाश घेते. शिवाय त्याचा कोणा एकावर हट्ट नाही. गवत, सेजब्रश, ल्युपिन, जे मूळ हाताशी येईल त्याला ते जोडले जाते, आणि एकाच वेळी अनेकांशीही. बार्शीकडच्या माझ्या मामांना मी फुलाचे छायाचित्र पाठवून टारफुल्याशी असलेले त्याचे नाते कळवले, तेव्हा त्यांनी रंगाबद्दल चकार शब्द न काढता विचारले, “गव्हात येतं का गं ते तिकडं?” येत नाही. नांगरलेल्या शेतात पेंटब्रशचा जम बसत नाही. त्याला न मोडलेले कुरण किंवा माळ लागतो.

यजमान बदलला की पेंटब्रश किती बदलतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण ल्युपिनचे आहे. ल्युपिन ही शेंगावर्गीय वनस्पती. तिच्या मुळांवरच्या गाठींत नत्र स्थिर होते, त्यामुळे तिचा रस नत्राने समृद्ध असतो. पण तिच्यात कडू, विषारी अल्कलॉइडेही असतात आणि ती खाऊन मेंढ्या दगावल्याच्या घटना पश्चिम अमेरिकेतल्या मेंढपाळांना चांगल्या परिचयाच्या आहेत. ल्युपिनशेजारच्या पेंटब्रशमध्ये हीच अल्कलॉइडे सापडतात आणि ती त्याने स्वतः बनवलेली नसतात, हे १९८० च्या दशकातच समजले होते. प्रश्न असा होता की या उसन्या विषाचा त्याला काही उपयोग होतो की ते नुसतेच रसाबरोबर वाहत येते. संशोधक लिन ॲड्लर यांनी टेक्सासमधल्या एका वर्षायू जातीवर याचा प्रयोग केला आणि २००० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी ल्युपिनचे कडू आणि गोडे असे दोन्ही वाण यजमान म्हणून वापरले. त्यामुळे नत्राचा लाभ आणि विषाचा लाभ वेगवेगळे करून पाहता आले. कडू ल्युपिनवर वाढलेल्या पेंटब्रशच्या कळ्या किड्यांनी कमी खाल्ल्या, त्यामुळे अधिक फुले शाबूत राहिली, त्यामुळे परागीभवन करणारे अधिक आले आणि बी अधिक धरले. मधुरसात मात्र ते विष आढळले नाही, म्हणजे पाहुण्यांना त्याची बाधा नाही. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात एका साध्या अदलाबदलीने दोन गुंतलेली कारणे सुटी केली आहेत, आणि कुरणात पेंटब्रश व ल्युपिन शेजारी शेजारी पाहिले की ते नुसते शोभेचे जुळून आलेले रंग वाटेनासे होतात.

ज्या भागातल्या मातीत सेलेनियम आहे तिथे पेंटब्रश तेही अंगात साठवतो. म्हणूनच ‘ही फुले खाता येतात’ असे जे काही ठिकाणी वाचायला मिळते त्यावर विसंबून पानात दोन फुले घालण्याचा मोह टाळावा. माती कसली आणि मुळाला मूळ कोणाचे लागले आहे, हे वरून कळत नाही.

एवढे सगळे ओढून घेतले जात असताना शेजाऱ्याचे काय होते? त्याचे नुकसान होते, यात शंका नाही. कुंड्यांतल्या प्रयोगांत यजमानाची वाढ घटलेली स्पष्ट दिसते. पण संपूर्ण कुरणाचा हिशेब वेगळा निघू शकतो. कोलोरॅडोतील नायवट रिज या उंच, वृक्षरेषेवरच्या संशोधनस्थळी तिथल्या फिकट पिवळ्या पेंटब्रशचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की त्याची गळून पडलेली पाने नत्राने समृद्ध असतात आणि लवकर कुजतात, आणि अशा थंड, नत्राला महाग असलेल्या मातीत त्याचा आजूबाजूच्या झाडांना फायदा मिळतो. यजमानाने वर्षभर जपून ठेवले असते ते नत्र पेंटब्रश खेचून घेतो आणि शरद ऋतूत सगळ्यांच्या वाट्याला टाकून देतो. बांडगूळ हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो तितक्या सहज तो इथे वापरता येणार नाही.

जाती ओळखण्याच्या बाबतीत मात्र हे फूल तज्ज्ञांनाही दाद देत नाही. रंगावर जावे तर एकाच जातीत शेंदरी, नारिंगी आणि पिवळी झाडे निघतात. त्यात जातीजातींत संकर होतो आणि गुणसूत्रांचे संच दुप्पट-चौपट झालेल्या झाडांचीही वाण नाही. रॉकी पर्वतात शेंदरी मिनिएटा, किरमिजी ऱ्हेक्सिफोलिया आणि गंधकी सल्फ्युरिया या तीन जाती एकत्र आल्या की मधल्या सगळ्या छटा उपजतात, आणि अल्बियन बेसिनमध्ये डाळिंबी-पिवळसर झाडासमोर उभे राहून नाव ठरवण्याचा आग्रह मी सोडून दिला आहे. वायोमिंगने १९१७ साली लिनरीफोलिया ही जात राज्यपुष्प म्हणून निवडली, तेव्हा त्या राज्याच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एव्हन नेल्सन यांचा त्या निवडीला विरोध होता. पेंटब्रशच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे लोकांना अवघड जाईल, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक. माझ्या मते आक्षेप बिनतोड होता. लोकांनी तरी फूल तेच घेतले.

या संकराचा प्रश्न एका ठिकाणी केवळ वर्गीकरणापुरता राहिला नाही. वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांच्या पश्चिम भागात, तसेच कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाच्या दक्षिण टोकापाशी सोनेरी पेंटब्रशची, म्हणजे लेव्हिसेक्टा जातीची, मोठी कुरणे होती. तिथले मूळ रहिवासी कॅमस नावाच्या खाद्य कंदासाठी कुरणे ठरावीक काळाने जाळीत. ती प्रथा मोडल्यावर डग्लस फरची झाडे आत घुसली, उरलेल्या जमिनीवर शेती आणि घरे आली, आणि सोनेरी पेंटब्रश मोजक्या जागी उरला. ओरेगनमधून तर तो नाहीसाच झाला. १९९७ साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली त्याची नोंद संकटग्रस्त वनस्पती म्हणून झाली. त्यानंतर रोपवाटिकांत आणि बियाण्यांच्या शेतांत त्याचे बी वाढवून कुरणांत पेरण्याचे काम पद्धतशीर चालले. यात यजमानाचा विचार सुटून चालणार नव्हता. नुसत्या मोकळ्या जमिनीवर पेंटब्रश उभा करण्यात अर्थ नाही, त्याला जोडून घेता येतील अशी स्थानिक गवते आणि इतर बहुवर्षायू झाडे तिथे आधी असावी लागतात.

त्याच कुरणांत टेलर्स चेकरस्पॉट नावाचे एक काळे-नारिंगी चौकड्यांचे दुर्मिळ फुलपाखरू आहे. त्याची सुरवंटे पेंटब्रशवर वाढतात, आणि मूळचे युरोपीय असलेल्या, आपल्या इसबगोलाच्या प्रजातीतल्या एका तणावरही वाढतात, कारण या दोन्ही वनस्पतींत इरिडॉइड गटातली सारखी रसायने आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या एका महिला तुरुंगात प्रशिक्षित बंदिवान स्त्रियांनी हे फुलपाखरू सुरवंटापासून वाढवण्याचे काम केले आणि ती फुलपाखरे व सुरवंटे कुरणांत सोडण्यात आली. त्यांच्या खाण्याची सोय म्हणून त्या भागातली दुसरी, लाल फुलांची हिस्पिडा ही पेंटब्रश जातही पेरली गेली. ही जात काही दुर्मिळ नाही. व्हायचे तेच झाले: काही ठिकाणी सोनेरी आणि लाल जाती एकमेकींत मिसळल्या आणि मधल्या रंगाची झाडे उगवू लागली.

फुलपाखराच्या सुरवंटाला या मिश्र झाडांचे वावडे नसावे, पण ज्या जातीला वाचवायचे तिचीच शुद्धता त्यात जात होती. म्हणून कोणत्या कुरणात सोनेरी पेंटब्रश ठेवायचा आणि कोणते लाल जातीसाठी सोडायचे याची विभागणी करावी लागली, आणि संकर झालेल्या जागा पुनरुज्जीवनाच्या मोजणीत धरल्या गेल्या नाहीत. त्या वगळूनही संख्या एवढी वाढली की २०२३ साली सोनेरी पेंटब्रशचे नाव संकटग्रस्त यादीतून काढण्यात आले. अशा रीतीने यादीबाहेर पडलेल्या जातीवर किमान पाच वर्षे लक्ष ठेवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे यादीबाहेर पडल्यावरही त्याच्यावरची नजर लगेच हटत नाही.